पाठमोरे बाक

१

बागेतले बारा बाक बदलायचं काम सुताराकडे आलं ते सरळ वाटेनं. कुणाची ओळख लावावी लागली नाही की कुणाचे पाय धरावे लागले नाहीत. बागेच्या कचेरीतले साहेब एका सकाळी कारखान्यात आले, भुश्शातून बूट सांभाळत उभे राहिले आणि म्हणाले, "जुने पार कुजलेत. परवा एका बाकाची फळी मोडून एक गृहस्थ खाली बसले ते तिघांनी उचलले तेव्हा उठले. महिन्याभरात नवे करून बसवा."

सुतार त्याच दुपारी माप घ्यायला गेला.

बाग लहानशी. मधे गोल हिरवळ, तिच्याभोवती फरशीची वाट, वाटेच्या बाहेरच्या अंगाला घड्याळातल्या आकड्यांसारखे बारा बाक. हिरवळीवर झाड नव्हतं, कारंजं नव्हतं, नुसतं गवत होतं. पण बाराच्या बारा बाकांची पाठ त्या हिरवळीकडे होती. तोंडं कुंपणाकडे. बसणाऱ्याच्या नाकासमोर दोन हातांवर झुडपं, त्यामागं जाळी. वर्गात मस्ती केलेल्या पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करावं, तसे ते बाक दिसत होते.

"हे असे का?" सुतारानं माळ्याला विचारलं.

माळी पाइपानं पाणी घालत होता. "मी आलो तेव्हापासून असेच आहेत," तो म्हणाला आणि पाइप ओढत पुढं गेला.

सुतारानं लांबी-रुंदी वहीत टिपली. कामाला लागलं की माणूस कामापुरतं बघतो, आणि सुतार तर तसा मुलखाचा घुमा. घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. अक्कानं शिवणयंत्रावर पाय मारून त्याला वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. आता तो पन्नाशीचा, ती चौसष्टची. रोज चार वाजता अक्का त्या बागेत जायची. नळाजवळचा बाक तिचा.

"महिनाभर मी कुठं बसू रे?" बाक काढणार म्हटल्यावर तिनं विचारलं.

"घरी बस."

"घरी बसायला काय धाड भरलीय? घरीच तर असते," अक्का म्हणाली.

२

काम छान उतरलं. लाकूड वाळलेलं होतं, गाठी कमी. सुतारानं बैठकीला दीड इंची फळ्या घेतल्या, कडा गोल मारल्या, पाठ हातभर कलती ठेवायची ती चार बोटंच ठेवली, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उठताना त्रास नको. मागचे पाय पसरट, पुढचे सरळ.

पहिला बाक जोडून झाला तेव्हा त्यानं अक्काला कारखान्यात बोलावून घेतलं. तिच्या गुडघ्यांना उंची मानवली की कुणालाही मानवणार, असा त्याचा हिशेब.

अक्का बसली. पाय टेकले. हातानं फळी चाचपली.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि शेजारची जागा थोपटली. "ये, बैस की जरा."

"हात पॉलिशनं भरलेत."

"हातांवर बसतोस होय?"

सुतार हसला, पण बसला नाही. अक्का थोडा वेळ तशीच बसली, भिंतीला लावलेल्या करवती बघत. मग निघून गेली.

३

बसवायच्या दिवशी साहेब स्वतः आले. टेम्पोतून बाक उतरत होते. त्यांनी कंबरेवर हात ठेवून सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "आता हे जाळीकडे तोंड करून नका बसवू. लोकांनी काय बघायचं, उंदीर? आत वळवा. हिरवळीकडे."

"बोल्टांची भोकं नव्यानं पाडावी लागतील," सुतार म्हणाला.

"पाडा मग."

माळी जवळच उभा होता. "जुने तसे होते," तो म्हणाला.

"जुन्यात तर वाळवीपण होती," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

नव्या बाकाचे पाय कुठं येतील ते बघायला सुतारानं काँक्रीटच्या ओट्यावरची माती झाडली. जुन्या बाकाचे चार बोल्ट वर आलेले होते, ते त्याला माहीत होते. पण त्यांच्या शेजारी आणखी चार गोल डाग होते. सिमेंटनं बुजवलेले, वरून थापीनं गुळगुळीत केलेले. त्यानं पटाशीनं एक उकरलं. आत भोक निघालं. बाक आणून ठेवला, आत तोंड करून. चारही पाय चार भोकांवर चपखल बसले.

बाराही ओट्यांवर तीच तऱ्हा होती.

म्हणजे पूर्वी कधीतरी हे बाक आत तोंड करूनच होते. कुणीतरी बाराच्या बारा उपटून फिरवले होते, आणि भोकं अशी बुजवली होती की पुन्हा कुणाच्या नजरेला येऊ नयेत.

सुतारानं त्यावर फार डोकं चालवलं नाही. एक साहेब येतो, म्हणतो आत. दुसरा येतो, म्हणतो बाहेर. कचेऱ्या अशाच चालतात. उलट ड्रिल मारायचं वाचलं. दिवस मावळायच्या आत बाराही बाक हातावेगळे झाले.

निघताना त्यानं माळ्याला म्हटलं, "बसून तरी बघा. कसे झालेत सांगा."

"मला कुठली बसायला सवड," माळी म्हणाला. तो तेव्हा रिकामाच उभा होता.

४

लोक दुसऱ्याच दिवसापासून बसू लागले. अक्काचा गुडघा त्या आठवड्यात धरलेला होता, त्यामुळे ती तीन दिवस उशिरा गेली. गेली आणि खूश होऊन आली. उंची चांगली, पाठ चांगली, समोर गवत चांगलं. सुताराला बरं वाटलं.

ती जायला लागून तिसरा दिवस असेल. संध्याकाळी सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "एक बाई येते तिथं. माझ्यासारखीच एकटी."

"हं."

"पहिल्या दिवशी माझ्या बरोब्बर समोर होती. गवताच्या पलीकडे. काल एक बाक अलीकडे बसली. आज आणखी एक अलीकडे."

"उन्हामुळे सरकत असेल."

"ऊन सगळीकडेच असतं. आणि सरकत नाही ती. मी असेपर्यंत हलत नाही जागची. दुसऱ्या दिवशी जाऊन बसावं तर एक बाक जवळ." अक्कानं दोऱ्याला गाठ मारली. "तिला यायचंय माझ्याकडे. लाजते बिचारी."

"मग तूच जा उठून."

"गेले होते. उठलं की दिसत नाही. परत येऊन बसलं की आहे."

सुतारानं मान वर केली. अक्का अगदी सहज बोलत होती, भाजी महागली म्हणावं तसं.

"दिसायला कशी आहे?"

"तोंड नाही दिसत. डोळ्यांवर तिरीप येते ना. पण बसायची ढब ओळखीची वाटते." तिनं सुई कापडात टोचली. "कुणाची, ते काही लक्षात येत नाही."

अक्काला मोतीबिंदू होता, डॉक्टरांनी तो पिकू द्या म्हणून सांगितलं होतं. सुताराला एकदम हलकं वाटलं. उजेडात गेलं की तिला असं काहीबाही दिसणारच. उभं राहिलं की कोन बदलतो, दिसेनासं होतं. साधी गोष्ट.

तरी दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला तो बागेत गेला.

५

अक्का नळाजवळच्या बाकावर होती. तिनं त्याला पाहिलं नाही. ती उजवीकडे तिसऱ्या बाकाकडे बघत होती. त्या बाकावर कुणीही नव्हतं. सुतार मुद्दाम त्या बाकापर्यंत चालत गेला, पाठीच्या फळीवरून हात फिरवला. पॉलिश गुळगुळीत, उन्हानं तापलेलं. वाळलेलं एक पान पडलं होतं ते त्यानं उचलून टाकलं.

हिरवळीभोवती आणखी सहा-सात जण बसले होते. एका बाकावर एक. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. वाटेच्या कडेला एक निवृत्त मास्तर बसत, त्यांना सुतार तोंडओळखीनं ओळखत होता. तो त्यांच्यापाशी गेला.

"मास्तर, इथं एक बाई येते का हो? एकटीच बसते?"

"बाई?" मास्तरांनी चष्मा वर केला. "बाई कुठली? गृहस्थ आहेत ते. छत्रीवाले."

"कुठं आहेत?"

"काल ह्या शेजारच्या बाकावर होते." मास्तर गालातल्या गालात हसले. "बुजरा माणूस. पहिल्या दिवशी पार त्या टोकाला होता. आज येईल बहुधा इथं."

आणि एवढं बोलून मास्तर, लोकांमध्ये वावरलेला माणूस जसा सरकतो तसे, बाकाच्या एका कडेला सरकून बसले.

मास्तरांचे डोळे चांगले होते. वर्तमानपत्राची बारीक अक्षरं ते चष्म्याशिवायही वाचत, असं सगळेच सांगत.

६

त्यानंतरच्या दिवशी सुतारानं कारखाना तीनलाच बंद केला.

मास्तर बाकाच्या डाव्या कडेला बसले होते. वर्तमानपत्र त्यांनी पुरतं उघडलं होतं, पण धरलं होतं ते उजवीकडे कलतं, निम्मं पान रिकाम्या जागेपुढे. सुतार वाटेवर उभा राहून बघत राहिला. मास्तरांचं पान वाचून झालं, त्यांनी नजर वर उचलली. पण पान उलटलं नाही. थांबले. बरेच थांबले. मग जराशी मान डोलवून त्यांनी पान उलटलं.

"मास्तर," सुतारानं हाक मारली.

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात त्यांची सून त्यांना न्यायला आली. "चला बाबा, चहा झालाय."

"थांब जरा. यांचं वाचून होऊ दे."

सून सुताराकडे बघून कसनुसं हसली. थोडं बाजूला येऊन म्हणाली, "कालपासून असंच चाललंय. जेवतात, झोपतात, सगळं वेळच्या वेळी. पण आमच्याशी अक्षर बोलत नाहीत." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणजे बोलतात. आमच्याशी नाही."

सुतारानं हिरवळीकडे पाहिलं. आणखी तीन बाकांवरची माणसं कडेला सरकलेली होती. एवढ्या लांब बाकावर एकटं माणूस मधोमध बसतं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. कडेला बसतं ते शेजारी कुणी असलं तरच.

त्या संध्याकाळी तो अक्काला म्हणाला, "उद्यापासून बागेत जाऊ नकोस."

"का?"

"बोल्ट ढिले निघालेत."

"आयुष्यात तुझा एक बोल्ट कधी ढिला निघाला नाही," अक्का म्हणाली. "आज तिच्या-माझ्यात एकच बाक उरला. उद्या शेजारच्या बाकावर. परवा माझ्याकडे."

"अक्का, तिथं कुणी नसतं. मी बघून आलोय."

"उभ्यानं बघितलंस."

"म्हणजे?"

"तू कधी बसून बघतोस का काही?" अक्काचा आवाज चढला नाही, पण हातातलं शिवण तिनं खाली ठेवलं. "घरात दोन माणसं. तू येतोस, जेवतोस, पाठ करून झोपतोस. मी तक्रार करत नाही. पण कुणीतरी माझ्याकडे रोज एकेक बाक जवळ येतंय, तर तेही तुला बघवेना?"

पन्नास वर्षांत अक्का त्याला असं कधी बोलली नव्हती.

७

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं अक्काच्या चपला कारखान्यात नेऊन ठेवल्या. पोरकटपणा होता, पण त्याला दुसरं काही सुचलं नाही. मग तो बागेत गेला आणि नळाजवळच्या बाकावर, अक्काच्या जागी, मधोमध बसला.

कुणी नाही, हे बसून बघायचं आणि घरी जाऊन अक्काला सांगायचं: बसून बघितलं. एवढंच त्याच्या मनात होतं.

चार वाजले. ऊन स्वच्छ होतं. शेजारच्या बाकावर कुणी नव्हतं. समोर, गवताच्या पलीकडे मास्तर आणि ते इतर, आपापल्या कडेला. माळी कुठं दिसत नव्हता. नळ थेंब थेंब गळत होता. सुतारानं एकेक बाक नजरेनं तपासला, बाराही. नाही. कुणीच नाही. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. स्वतःचंच हसू आलं. म्हातारी माणसं, रिकामा वेळ, एकानं सांगायचं नि दुसऱ्यानं मान डोलवायची. साप साप म्हणून भुई थोपटायची, दुसरं काय.

उठावं म्हणून त्यानं हात टेकले.

तेव्हा समोरच्या सगळ्या माणसांनी एकदम मान वर केली. खोलीत पाहुणं माणूस आलं की बसलेले जसे बघतात, तसे. ते त्याच्याकडे बघत नव्हते, त्याच्या जरा उजवीकडे बघत होते. मास्तर तर अर्धे उठले आणि अदबीनं मान लववून परत बसले.

आणि सुताराच्या तळहाताखालची फळी लवली.

त्या फळ्या त्यानं स्वतः रंध्यानं तासल्या होत्या. एक माणूस बसलं की दीड इंची फळी किती दबते, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. दबली ती तेवढीच. आधी जराशी, कुणी अदमास घेत टेकावं तशी, मग पूर्ण. एक स्क्रू बारीक कुरकुरला. सावकाश बसणाऱ्याचं ते वजन होतं. गुडघे दुखत असलेल्या माणसाचं.

त्यानं उजवीकडे पाहिलं नाही. नळाकडे बघत राहिला. ऊन, नवं लाकूड, तापलं की फुगतं, निवलं की आवाज करतं. हे सगळं त्यानं मनात म्हणून पाहिलं, आणि म्हणता म्हणता तो डावीकडे, बाकाच्या कडेला सरकला.

का सरकला, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. शेजारी कुणी आलं की माणूस सरकतो.

घरी आला तेव्हा अक्का दारात अनवाणी उभी होती.

"आली होती?"

"कुणी नव्हतं," सुतार म्हणाला. "बसून बघितलं."

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागं, उंबऱ्याकडे पाहिलं. ती एक पाऊल मागं सरली, वाट द्यावी तशी.

"माझ्यासाठी येत होती ती," अक्का म्हणाली. "तू माझ्या जागी जाऊन बसलास."

८

बाक त्यानं दोन दिवसांत फिरवले, पुन्हा कुंपणाकडे तोंड करून. साहेबांना कळवलं की आतल्या बाजूला पाणी साचतं. साहेबांची बदली व्हायची होती. ते म्हणाले, करा काय करायचं ते. माळ्यानं न सांगता हात लावला. आतली भोकं त्यानंच बुजवली. सिमेंट असं कालवलं, थापी अशी फिरवली की ओटा पहिल्यापासून तसाच असावा. हात सरावाचा होता.

मास्तर बागेत यायचे बंद झाले. घरीच बसतात, सून म्हणाली, आणि बरं चाललंय त्यांचं.

सुताराचंही बरं चाललं होतं. त्याला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त लाकडावर बसायचं त्यानं सोडलं. स्टूल, खाट, खुर्ची, काही नको. दगडावर, फरशीवर, सिमेंटच्या कट्ट्यावर तो बसायचा. दगड लवत नाही, कुरकुरत नाही. काही सांगत नाही. झोपायलाही जमिनीवर. कंबरेला बरं पडतं, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा.

अक्का बोलायची, पण कामापुरतं. वाढलं आहे, जेव. कडी लाव. तिचा राग काही केल्या उतरेना. बाहेर फिरवलेल्या बाकावर ती रोज जाऊन जाळीकडे बघत बसायची आणि आणखी मुकी होऊन परत यायची. सुतारानं दोनदा तिच्याबरोबर जाऊन शेजारी बसायचं मनात आणलं. पण बाक लाकडाचा होता.

पाऊसकाळ संपता संपता अक्काचा गुडघा फारच सुजला, म्हणून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. गर्दी होती. भिंतीला लागून सिमेंटचा लांब कट्टा, तो पूर्ण भरलेला. एक माणूस उठला तेव्हा सुतारानं अक्काला जागा धरली. अक्का म्हणाली, नको, तू बस. आणि ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. तो हो-नाही करत बसला. थोड्या वेळानं त्याच्या उजवीकडची दोघं आत गेली, आणि तिथं चांगली हातभर जागा झाली. कुणी येऊन बसलं नाही. अक्काही बसली नाही. तिचा पाय लटपटत होता.

नर्स कागद घेऊन जाता जाता थांबली. "अहो, उभ्या का? भावाच्या शेजारी बसा की. जागा आहे."

"कुठं आहे जागा?" अक्का म्हणाली. "त्या बसल्यात ना."

नर्सनं कट्ट्याकडे पाहिलं, मग अक्काकडे, आणि डोळ्यांचेही डॉक्टर आहेत आमच्याकडे, असं काहीतरी पुटपुटत ती निघून गेली.

सुतार समोरच्या भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत राहिला. एकवीस नंबर चालू होता.

अक्का त्याच्या उजव्या खांद्यापलीकडे बघत होती. इतक्या महिन्यांत ती त्या बाजूला बोलली नव्हती. आता, दवाखान्यात शेजारणीशी बोलतात तशा आवाजात तिनं विचारलं, "तुम्ही कशासाठी आलात?"

मग ती ऐकत राहिली. मधे एकदा तिनं मान हलवली. एकदा सुताराकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. पुन्हा ऐकत राहिली. शेवटी तिचा चेहरा हळूहळू सैलावला, कपाळावरची आठी गेली, डोळे भरून आले. ती लंगडत पुढं आली आणि तिनं सुताराच्या डोक्यावर हात ठेवला. तो चार वर्षांचा असताना, आई गेली त्या सकाळी ठेवला होता, तसा.

"असू दे हं," ती म्हणाली. "मी नाही रागावले."

आणि खरोखरच तिचा राग गेला होता. सुताराला वाटलं, राहिला असता तर बरं झालं असतं.